टॉर्क कन्व्हर्टर उघडण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी चालताना जराशी थरथरली की ‘कन्व्हर्टर गेला’ असे सांगून मोकळे होण्याची पद्धत गॅरेजांमध्ये पडली आहे. टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा, वेल्डिंगने कायमचा बंद केलेला पोलादी डबा असल्यामुळे आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्या माथी दोष मारणे सोपे जाते. याचे दुसरे टोकही तितकेच रूढ आहे. गिअरबॉक्स पूर्ण उतरवून आतल्या क्लचप्लेटा, सील, बुश सगळे नवे घालतात, आणि कन्व्हर्टर मात्र तोंडातून थोडे डिझेल ओतून, खळबळून, उपडा करून जसाच्या तसा परत बसवतात. माझी सगळी नोकरी लोडर आणि डम्पर यांच्या देखभालीत गेली. त्या यंत्रांमध्ये कन्व्हर्टरची तपासणी हा नेहमीच्या कामाचाच भाग असतो, त्यामुळे मोटारींच्या बाबतीतली ही दोन्ही टोके मला खटकतात. कन्व्हर्टर न उघडताही त्याच्याबद्दल बरेच काही कळू शकते. फक्त तपासणी बाहेरून आत, क्रमाने करावी लागते आणि प्रत्येक चाचणीने नेमके काय सिद्ध होते व काय होत नाही याचे भान ठेवावे लागते.

हे सारे पुन्हा मनात येण्याचे कारण म्हणजे एका स्नेह्यांची सात आसनी डिझेल गाडी. गिअरबॉक्स सहा गिअरचा, धाव दीड लाख किलोमीटरच्या आसपास, आणि पुणे–महाबळेश्वर रस्त्यावर नेहमीची ये-जा, म्हणजे खंबाटकी आणि पसरणी हे दोन्ही घाट ठरलेले. तक्रार अशी होती की ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या वेगात, सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना गाडी रंबलरवरून जात असल्यासारखी थरथरायची आणि दोन-तीन सेकंदांत आपोआप शांत व्हायची. एका गॅरेजने इंजेक्टर बदलायला सांगितले होते, दुसऱ्याने थेट कन्व्हर्टर.

तपासणीचा तर्क समजण्यासाठी कन्व्हर्टरच्या रचनेतल्या चार गोष्टी पुरेशा आहेत. इंजिनाबरोबर फिरणारा आणि डब्याच्या पाठीलाच जोडलेला इम्पेलर तेल बाहेरच्या दिशेने फेकतो. ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवते. परत येणाऱ्या तेलाची दिशा मधला स्टेटर वळवतो. हा स्टेटर वन-वे क्लचवर बसवलेला असतो, म्हणजे तो एका दिशेला घट्ट धरून राहतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा फिरतो. गाडी जागेवरून उचलताना तो धरून राहतो म्हणूनच इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो, आणि टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या जवळ पोहोचला की तो मोकळा सुटतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, तर वेगाने फिरणारी वाफेची टर्बाइन आणि सावकाश फिरणारा जहाजाचा पंखा यांची सांगड घालण्यासाठी. चौथी गोष्ट लॉक-अप क्लच. तेलाच्या जोडणीत थोडी घसरण कायम राहते आणि तेवढे इंधन उष्णतेत जाते, म्हणून स्थिर वेगात इम्पेलर आणि टर्बाइन एका घर्षण-अस्तराने सरळ जखडून टाकतात. पॅकार्ड कंपनीने १९४९ साली आपल्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये हे केले होते; आज ते जवळजवळ सगळीकडे आहे, आणि आजच्या गाड्यांमधल्या तक्रारींचा मोठा वाटा याच अस्तराशी येऊन थांबतो.

पहिली तपासणी तेलाची. अनेक नव्या गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागेवर उचलून, इंजिन चालू ठेवून, गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर तेलाचे तापमान कंपनीने दिलेल्या मर्यादेत आले की खालचा प्लग उघडायचा आणि तेल बारीक धारेने आले तर पातळी बरोबर समजायची, अशी पद्धत असते. तापमान न पाहता प्लग उघडणाऱ्याने पातळी तपासली असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण तेल तापल्यावर फुगते आणि थंड तेलाची पातळी गरम गाडीत भलतीच ठरते. आलेले तेल पांढऱ्या कागदावर टिपावे. नवे तेल बहुधा लाल असते. ते तपकिरी झाले आणि करपट वास मारू लागले, तर कुठले तरी अस्तर तापते आहे. काळा बारीक गाळ अस्तराचा असतो, चुंबकाला चिकटणारी चमक पोलादाची, न चिकटणारी ॲल्युमिनियमची किंवा बुशच्या पितळी धातूची. दुधाळ गुलाबी तेल दिसले तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरले आहे, आणि मग इतर चाचण्यांत वेळ घालवू नये, कारण पाण्याने अस्तराचा गोंदच सुटतो. आमच्या गाडीचे तेल तपकिरी होते, वास हलकासा करपट, चमक जवळजवळ नाही.

त्यानंतर रस्त्यावरची चाचणी. थरथर सुरू असताना डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श करायचा, गाडी थांबवायची नाही. पेडलच्या स्विचचा संदेश मिळताच संगणक लॉक-अप सोडतो. त्याच क्षणी थरथर नाहीशी झाली आणि इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे शे-दोनशेने वर गेले, तर संशय लॉक-अपवर पक्का होतो; थरथर तशीच राहिली तर इंजेक्टर, इंजिनाचे माउंटिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट यांच्याकडे वळावे. ही चाचणी एकही पैसा न खर्चता करता येते, तरी गॅरेजमध्ये ती क्वचितच केली जाते, याचे मला नवल वाटते. मागून वाहन येत नसलेला रस्ता निवडावा आणि शेजारी दुसरे कोणी बसलेले असावे, एवढी काळजी मात्र घ्यावीच लागते. आमच्या बाबतीत पेडलला पाय लागताच थरथर नाहीशी झाली. शेजारी स्कॅनरवर इंजिनाचे फेरे आणि इनपुट शाफ्टचे फेरे यांतला फरक लावून ठेवला होता. आजच्या बऱ्याच गाड्यांत लॉक-अप पूर्ण न जखडता मुद्दाम थोडा घसरता ठेवतात, म्हणून फरक शून्यच असावा असा आग्रह धरता येत नाही. पण तो स्थिर असायला हवा. इथे आकडा वरखाली उड्या मारत होता आणि त्या उड्या थरथरीशी जुळत होत्या. दोषाचा कोड मात्र एकही साठलेला नव्हता. पी०७४१ हा लॉक-अप नीट न जखडल्याचा कोड घसरण ठरावीक मर्यादेबाहेर काही काळ टिकली तरच नोंदला जातो, त्यामुळे स्कॅनर ‘सर्व ठीक’ म्हणाला एवढ्यावर विसंबू नये.

स्टॉल टेस्टबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती जितकी उपयोगी तितकीच घातक आहे. चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही घट्ट धरून, गिअर ‘डी’मध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिन किती फेऱ्यांवर अडते ते पाहायचे. टोयोटाच्या रिपेअर मॅन्युअलांत ही चाचणी ५ सेकंदांहून जास्त करू नये असे बजावलेले असते. त्यामागचा हिशेब सोपा आहे. इंजिन २,२०० फेऱ्यांवर ३५० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल तर सुमारे ८० किलोवॅट शक्ती कन्व्हर्टरमध्ये जाते, आणि गाडी हलत नसल्यामुळे ती सगळी तेल तापवण्यात खर्च होते. कन्व्हर्टरमध्ये अडीच लिटर तेल धरले तर ते, नुसत्या हिशेबाने, दर सेकंदाला जवळजवळ १९ अंशांनी तापेल. पोलाद थोडी उष्णता घेते आणि तेल कूलरकडे फिरत असते म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी होते. तरीही ‘अजून एकदा दाबून बघू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचा हात धरावा, तो यासाठी.

या चाचणीत फेरे अपेक्षेपेक्षा कमी आले तर इंजिनात दम नाही, किंवा स्टेटरचा वन-वे क्लच धरत नाही. जास्त आले तर गिअरबॉक्समधले क्लच घसरत आहेत, किंवा तेल अथवा दाब कमी आहे. नव्या गाड्यांत मात्र गाडी उभी असताना संगणकच इंजिनाचा टॉर्क आवरून धरतो, त्यामुळे आकडा इंजिनाचा की संगणकाचा हे कळेनासे होते. लोडरवर मी ही चाचणी डोळे झाकून मान्य करीन. आजच्या मोटारीवर तिला फार महत्त्व देणार नाही. त्यापेक्षा स्टेटरची तपासणी गाडी चालवूनच चांगली होते. वन-वे क्लच दोन्ही दिशांना घसरत असेल, तर गाडी जागेवरून उचलताना आणि चढावर मरगळलेली वाटते, पण एकदा वेग घेतला की ठीक चालते. तो दोन्ही दिशांना अडकून बसला असेल, तर नेमके उलट होते. सुटताना जोर उत्तम असतो, पण वेग वाढेना आणि तेल तापत जाते, कारण मोकळा फिरायला हवा असलेला स्टेटर तेलाच्या वाटेत आडवा उभा राहतो. आमची गाडी पसरणी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढत होती आणि महामार्गावर वेगही घेत होती, त्यामुळे स्टेटर निर्दोष असावा असा अंदाज बांधता आला.

एवढे कळल्यावर लगेच गिअरबॉक्स उतरवायचा नसतो. तेलातली घर्षण नियंत्रित ठेवणारी द्रव्ये संपली तरी लॉक-अप थरथरतो, आणि अशा वेळी कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे तेल घालून तक्रार जाऊ शकते. कन्व्हर्टरला बहुधा स्वतःचा ड्रेन प्लग नसतो. तळाचा प्लग उघडून संपमधले, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यातले, तेल निघते, कन्व्हर्टरमधले आतच राहते, म्हणून तेल एकदा बदलून भागत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने पुन्हा बदलले. थरथर पुष्कळ कमी झाली आणि काही आठवड्यांनी पहिल्यासारखी परत आली. तेव्हा अस्तरच खराब झाले आहे असे म्हणायला आधार मिळाला आणि स्नेह्यांनी गिअरबॉक्स उतरवायला होकार दिला.

उतरवताना फ्लेक्स प्लेट (क्रँकशाफ्टला कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती) आणि कन्व्हर्टर यांच्यावर एकमेकांसमोर खूण करणे, बोल्ट सुटल्यावर कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या बाजूला ढकलून धरणे, तो इंजिनाला लोंबकळत राहणार नाही हे पाहणे, या गोष्टी मेकॅनिकला सांगाव्या लागू नयेत, पण सांगाव्या लागतात. फ्लेक्स प्लेट हातात येताच बोल्टच्या छिद्रांभोवती केसाएवढ्या तडा आहेत का ते पाहावे. अशी तडकलेली प्लेट ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना खडखडते, आणि तो आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा समजून चांगले इंजिन खोलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. प्लेट क्रँकशाफ्टवर असतानाच तिच्या कडेला डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळी मापक, लावायचा; टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये तिच्या डगमगीची मर्यादा ०.२० मिलिमीटर दिलेली असते. मग कन्व्हर्टर फ्लेक्स प्लेटवर तात्पुरता बसवून त्याच्या मागच्या नळीचा, म्हणजे हबचा, डगमग तसाच मोजायचा. तिथे मर्यादा ०.३० मिलिमीटर. यापेक्षा जास्त डगमगणारा हब पुढच्या तेलाच्या सीलला आणि पंपाच्या बुशला सारखा मारत राहतो. मग सील कितीही वेळा बदलला तरी गळती थांबत नाही आणि दोष बिचाऱ्या सीलला मिळतो.

हबवरून नख फिरवले की सीलने पाडलेली खाच कळते. आमच्या हबवर सील बसतो तिथे एक गुळगुळीत चकाकणारा पट्टा होता, पण नख अडकत नव्हते. रंग मात्र बोलका होता, कारण मुळाशी पोलादावर फिकट गवती पिवळी झाक चढली होती. निळी झाक चढली असती तर तो फारच तापला असे समजून कन्व्हर्टर सरळ बाद केला असता. समोरच्या बाजूला फुगवटा आहे का, वेल्डिंगच्या कडेला तेल पाझरल्याची ओल आहे का, बोल्टचे आटे शाबूत आहेत का, हेही बघून घेतले. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते.

स्टेटरच्या वन-वे क्लचची हाताने होणारी चाचणी पाहण्यासारखी असते. कन्व्हर्टर उभा धरून, हबच्या तोंडातून खास हत्यार किंवा तशाच गिअरबॉक्सचा भंगारातला स्टेटर शाफ्ट आत घालून स्प्लाइनमध्ये, म्हणजे आतल्या दात्यांच्या खाचांत, बसवायचा आणि फिरवायचा. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनाच्या कन्व्हर्टरमध्ये घड्याळाच्या दिशेने तो सुरळीत फिरला पाहिजे आणि उलट फिरवताच जागीच अडला पाहिजे. गॅरेजमधल्या म्हाताऱ्या फिटरने हत्याराऐवजी दोन बोटे आत घालून स्प्लाइन फिरवली आणि ‘साहेब, एकदम ओके आहे’ असा निर्वाळा दिला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते. टर्बाइनला मिळणारा जादा टॉर्क स्टेटरच धरून देत असतो. इंजिनाचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर आणि तो दुप्पट होत असेल, तर उरलेले ३५० न्यूटन-मीटर त्या छोट्याशा क्लचवर येतात. बोटांनी आपण त्याचा किरकोळ अंश लावतो. हाताने फिरवून क्लच दोन्हीकडे फिरला तर तो नक्की खराब. हाताने अडला म्हणजे तो नक्की चांगला असे मात्र होत नाही. म्हणूनच घाटातली ती चाचणी आधी करून ठेवलेली बरी. बोटांनी मिळालेले उत्तर आणि रस्त्याने दिलेले उत्तर जुळले, तेव्हाच स्टेटरवरचा संशय मी सोडून दिला.

शेवटी कन्व्हर्टर उपडा करून तेल पांढऱ्या सुती कापडातून गाळले. धातूचे कण जवळपास नव्हते, पण कापडावर काळ्या, मऊ, बोटाने चिरडणाऱ्या कणांचा थर राहिला. या तेलातून काय काय मिळते ते पाहूनच कन्व्हर्टर कापायचा की नाही हे ठरवावे. आत नुसता काळा गाळ असला तर नवे अस्तर लावून तो वाचतो. ॲल्युमिनियमचा चुरा असला तर स्टेटरच्या आजूबाजूचे थ्रस्ट वॉशर झिजून पाती एकमेकांना घासू लागलेली असतात, आणि मग कन्व्हर्टर बदललेला परवडतो.

आमचा कन्व्हर्टर लेथवर चढला. टर्नरने जुन्या वेल्डिंगवर टूल धरून अगदी बारीक काप घेतले, आणि वेल्डिंग संपल्यावर डब्याचे दोन भाग हलक्या टकटकीने सुटले. लॉक-अपच्या अस्तराची बाहेरची कडा काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि कव्हरच्या आतल्या पृष्ठभागावर तितक्याच अंतरावर गडद डाग पडले होते. आतल्या बाजूला मात्र अस्तराचा मूळ खडबडीतपणा शिल्लक होता. म्हणजे अस्तर पूर्ण टेकतच नव्हते, कडेवरच घसरत होते. दाब कमी मिळत असल्याचे हे लक्षण आहे, आणि इथे थांबून केवळ नवे अस्तर चिकटवले असते तर तेही वर्षभरात त्याच वाटेने गेले असते. म्हणून व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब वाटून देणारा भाग, उघडून घेतली. लॉक-अपचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आपल्या छिद्रात सैल झाला होता. तो आणि त्याला विजेने हलवणारा सोलेनॉइड बदलला. तेलाच्या कूलरमध्ये उलट दिशेने स्वच्छ तेल ढकलले, तर तिथूनही तोच काळा गाळ बाहेर आला. कन्व्हर्टर नवा आणि कूलर जुन्या गाळाने भरलेला, अशी गाडी गॅरेजच्या बाहेर पडता कामा नये.

कन्व्हर्टर पुन्हा बंद करताना नुसता चांगला वेल्डर असून भागत नाही. दोन्ही भाग एकाच अक्षावर ठेवून वेल्डिंग करणे, नंतर हबचा डगमग पुन्हा मोजणे, आत हवेचा दाब भरून पाण्यात बुडवून गळती पाहणे आणि शेवटी बॅलन्स करणे, ही चारही कामे जिथे होतात तिथेच हा डबा द्यावा. त्यांपैकी एकाचीही सोय नसेल, तर तयार रिकंडिशन केलेला किंवा नवा कन्व्हर्टर घेणे परवडते.

बसवण्याआधी कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर नवे तेल ओतले. मग तो गिअरबॉक्सवर फिरवत फिरवत आत सरकवायचा असतो, कारण टर्बाइनचा स्प्लाइन, स्टेटरचा स्प्लाइन आणि तेलपंपाची खोबण या तीन ठिकाणी तो स्वतंत्रपणे जाऊन बसतो. दोन ठिकाणी बसला की हाताला तो पूर्ण बसल्यासारखाच वाटतो. म्हणून बेल हाउसिंगच्या, म्हणजे कन्व्हर्टरभोवतीच्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या, तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या बैठकीपर्यंतची खोली व्हर्निअरने मोजायची आणि ती मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहायची. आकडा कमी भरला तर पंपाची खोबण अजून जुळलेली नाही. अशा वेळी गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहते, आणि ती बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह झाला की कन्व्हर्टरचा हब पंपाला चिरडून टाकतो. आमच्याकडे पहिल्या मोजणीत खोली कमी आली. फिटरने न कुरकुरता कन्व्हर्टर अर्धा बाहेर ओढला, पुन्हा फिरवला, एक ठोस ‘ठक्’ ऐकू आला आणि दुसऱ्या मोजणीत आकडा जुळला.

गाडी सुरू करून, तेल तापवून, पातळी पुन्हा पाहून आम्ही त्याच रस्त्यावर त्याच वेगात स्कॅनर लावून गेलो. इंजिन आणि इनपुट शाफ्ट यांच्या फेऱ्यांमधला फरक आता एका जागी स्थिर होता. नव्या अस्तराची सुरुवातीची झीज तेलात उतरते म्हणून सुमारे हजार किलोमीटरनंतर संपमधले तेल बदलून घ्यायला स्नेह्यांना सांगितले आहे, आणि घाट उतरताना ‘डी’मध्ये गाडी सोडून देण्याऐवजी खालचा गिअर हाताने निवडायलाही.